पाजताना असह्य कळ, डाव्या स्तनात लाल गाठ आणि ताप : पाजणे थांबवू की चालू ठेवू?

प्रश्न : अकरादिवस

माझी मुलगी आज अकरा दिवसांची झाली. पहिले दोन दिवस पाजताना थोडे दुखत होते, तेव्हा ‘सुरुवातीला सगळ्यांनाच दुखते’ असे ऐकून मी गप्प बसले. पण चौथ्या दिवशी दूध उतरून दोन्ही स्तन दगडासारखे घट्ट झाले, बाळाला तोंडात नीट धरता येईना आणि दोन्ही स्तनाग्रांना चिरा पडल्या. आता ती तोंड लावते त्या क्षणी अशी कळ जाते की मी उशीचा कोपरा मुठीत धरून मनात आकडे मोजत बसते. साठपर्यंत मोजले तरी कळ ओसरत नाही. तिचे पिऊन झाले की स्तनाग्र गोल राहत नाही, नव्या लिपस्टिकच्या टोकासारखे एका बाजूला तिरपे आणि चपटे झालेले दिसते. काल डाव्या चिरेतून रक्त आले आणि बाळाने थोडे दूध ओकले त्यात गुलाबी छटा दिसली, तेव्हा माझे हातपायच गळाले.

काल संध्याकाळपासून डाव्या स्तनाच्या काखेकडच्या बाजूला लिंबाएवढा कडक भाग हाताला लागतो आहे. वरची त्वचा लाल आणि गरम आहे. रात्री हुडहुडी भरली, ताप 38.6 सेल्सिअस म्हणजे सुमारे 101.5 फॅरनहाइट होता, आणि अंग असे दुखते आहे की कूस बदलणेही नको वाटते. गाठ फोडली पाहिजे म्हणून आईने गरम पाण्याने शेकून ती जागा जोर लावून चोळली. त्यानंतर लाली कमी होण्याऐवजी वाढली. ‘रिकामे कर’ असे सगळे सांगतात म्हणून मी दर अर्ध्या तासाने पंप लावते, पण त्या बाजूने जेमतेम दोन चमचे दूध येते.

हा जंतुसंसर्ग आहे की नुसते दूध साठले आहे, हे कसे ओळखावे? त्या बाजूचे दूध बाळाला पाजले तर तिला अपाय होईल का? औषधे घेतली तर ती दुधातून तिच्या पोटात जातील का? काही दिवस पावडरचे दूध देऊन स्तनांना विश्रांती द्यावी असे एकीने सुचवले आहे, आणि खरे सांगायचे तर मलाही तेच हवेसे वाटते.


उत्तर : पहाटपाळी

बाकीची उत्तरे नंतर वाचा, आधी डॉक्टरांची वेळ घ्या. 38.5 च्या वर ताप, हुडहुडी, चिरलेले स्तनाग्र आणि त्याच बाजूला लाल, गरम भाग एवढे सगळे एकत्र आल्यावर घरी वाट पाहत बसण्यात शहाणपण नाही. ताप चढतच राहिला, छातीत धडधड वाढली, धाप लागू लागली, भोवळ आली किंवा घरच्यांना आपले बोलणे असंबद्ध वाटले, तर उद्याच्या वेळेची वाट न पाहता थेट आपत्कालीन विभाग गाठावा, कारण संसर्ग रक्तात पसरल्याची ती चिन्हे असू शकतात. निघताना बाळाला बरोबर घ्या आणि पाजूनच निघा. दवाखान्यात ताटकळावे लागले तर छाती पुन्हा भरते.


उत्तर : निळेदुपटे

मी प्रसूतिकक्षात परिचारिका आहे आणि स्तनपानाचे समुपदेशनही करते. वरच्या उत्तराशी मी सहमत आहे. निदान स्तन प्रत्यक्ष तपासूनच होते, तेव्हा मी लिहिते आहे ते डॉक्टरांकडे जाईपर्यंत आणि जाऊन आल्यावर उपयोगी पडावे यासाठी.

आपण वर्णन केलेल्या लक्षणांवरून हा स्तनदाह म्हणजे मॅस्टायटिस असावा. तो बहुतेक वेळा प्रसूतीनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांतच होतो. साठलेले दूध की जंतुसंसर्ग, असे आपण विचारता. खरे तर या दोन वेगळ्या गोष्टी नसून एकाच जिन्याच्या पायऱ्या आहेत. स्तनाला आतून सूज येते, त्या सुजेने बारीक दुग्धनलिका बाहेरून चेपल्या जातात, दूध पुढे सरकत नाही आणि त्यामुळे दाह आणखी वाढतो. इथपर्यंत जंतूंचा काही संबंध नसला तरी ताप, थंडी आणि अंगदुखी येऊ शकते. चोवीस तासांत उतार पडला नाही, किंवा आजार सुरुवातीपासूनच जोरात असेल, तर जंतुसंसर्ग गृहीत धरून प्रतिजैविक दिले जाते. हे जंतू बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस जातीचे असतात. आपल्या बाबतीत ताप आणि भेगा दोन्ही असल्यामुळे डॉक्टर थांबतील असे मला वाटत नाही, पण तो निर्णय त्यांचा.

आता चोळण्याबद्दल. आईंना दोष देऊ नका, कारण शेका, चोळा आणि रिकामे करा असेच आम्हीही वर्षानुवर्षे शिकवत होतो. 2022 साली अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या डॉक्टरांच्या संस्थेने स्तनदाहाची मार्गदर्शिका नव्याने लिहिली आणि त्यात जोरदार मालिश टाळण्यास स्पष्टपणे सांगितले. कारण समजण्यासारखे आहे. आपल्या हाताला लागते ती गाठ म्हणजे एखाद्या नळीत अडकलेला बूच नव्हे, की वरून दाबला आणि सुटला. नलिका केसासारख्या बारीक असतात, एकमेकींत गुंतलेल्या असतात, आणि त्यांच्याभोवतीचा भाग सुजलेला असतो. मुरगळलेला घोटा आपण रगडत नाही. सुजलेला स्तनही रगडू नये. रगडल्याने बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि सूज वाढते, आणि आपली लाली वाढली ती बहुधा याचमुळे. हात फिरवावासा वाटला तर कुत्र्या-मांजराच्या पाठीवरून फिरवतो तितक्याच हलक्या हाताने, स्तनाकडून काखेकडे आणि गळपट्टीच्या हाडाकडे फिरवावा. सुजेचे पाणी त्या बाजूला वाहून जाते.

अर्ध्या तासाने पंप लावणे आजच थांबवा. स्तन ही पिशवी नाही की एकदा उपसली की झाली. जितके दूध काढाल तितके ते जास्त तयार होते, आणि आधीच भरलेल्या घरात आपण आणखी पाहुणे बोलावतो. बाळ मागेल तेव्हा, चोवीस तासांत साधारण 8 ते 12 वेळा, दोन्ही बाजूंनी पाजा. दुखऱ्या बाजूचा एखादा घोट राहिला तरी राहू द्या. त्या बाजूने पाजणे अजिबातच सहन होत नसेल तर बाळ पिते तेवढ्याच वेळा आणि तेवढेच दूध हाताने किंवा पंपाने काढून वाटीने द्या. एकदम पाजणे तोडू नका. दूध तुंबून गळू होण्याचा धोका त्यानेच वाढतो.

पाजून झाल्यावर ओल्या फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे धरावा. वेदना आणि तापासाठी पॅरासिटामॉल आणि दाह उतरण्यासाठी आयबुप्रोफेन ही दोन्ही औषधे पाजणाऱ्या आईला चालतात, कारण दुधात ती फारच अल्प उतरतात. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा असेल तर आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय घेऊ नये. प्रतिजैविक दिले तर ते सहसा पेनिसिलिनच्या कुळातले किंवा सेफालेक्सिनसारखे असते आणि 10 ते 14 दिवस घ्यायचे असते. तेही चालू असताना पाजता येते. मात्र आपल्याला एखाद्या औषधाची ॲलर्जी असेल तर न विचारताही सांगा.

बाळाला अपाय होत नाही. ज्या जंतूंनी आपल्याला त्रास होतो ते बहुधा तिच्या तोंडात आणि आपल्या त्वचेवर आधीपासूनच असतात. स्तनदाहात दुधातले सोडियम वाढते, त्यामुळे दूध किंचित खारट लागते आणि काही बाळे त्या बाजूला तोंड फिरवतात. तसे झाले तर घाबरू नका. ओकारीतली गुलाबी छटा आपल्याच चिरेतल्या रक्ताची असावी, आणि तेवढे रक्त पोटात गेल्याने तिला काही होत नाही. चीर नसतानाही रक्त दिसत राहिले तर मात्र बालरोगतज्ज्ञांना सांगावे.

पावडरच्या दुधाचा विचार मनात आला म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. बाळाचे पोट भरणे ही पहिली गोष्ट आहे. पाचव्या दिवसानंतर दिवसाला निदान सहा लंगोट भिजत असतील आणि 10 ते 14 दिवसांत ती जन्मवजनावर परत आली असेल, तर तिला पुरेसे मिळते आहे. तसे नसेल तर डॉक्टर वरचे दूध सुचवतील; तेव्हाही स्तनातले दूध काढणे चालू ठेवायचे.


उत्तर : सुईतीनदा

मी वरच्या ताईंएवढे शास्त्रशुद्ध लिहू शकणार नाही, पण जिन्याची शेवटची पायरी मी पाहिलेली असल्याने लिहिते.

माझा मुलगा तीन आठवड्यांचा असताना मला असाच ताप आला. प्रतिजैविक सुरू झाले, तिसऱ्या दिवशी ताप गेला, चौथ्या दिवशी मला इतके बरे वाटले की मी गोळ्या बंद केल्या, कारण औषध दुधातून बाळाला जाते ही धास्ती मनातून गेली नव्हती. गाठ मात्र तिथेच होती. मी तिला ‘राहिलेली सूज’ समजत राहिले आणि रोज आंघोळीच्या वेळी अंगठ्याने दाबत राहिले. आठवडाभराने तिच्यावरची त्वचा ताणून चकचकीत झाली, जांभळट दिसू लागली, आणि मधोमध दाबले तर पाण्याने भरलेल्या फुग्यासारखे आत काही हलते आहे असे जाणवू लागले. मी आधी गेले त्या ठिकाणी स्तनाला हात न लावताच ‘दूध आहे, जिरेल’ असे सांगून परत पाठवण्यात आले. दुसऱ्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि पडद्यावरचा काळा डाग दाखवून ते गळू असल्याचे सांगितले.

ऑपरेशनच्या कल्पनेने मी रडले होते, पण तसे झाले नाही. जागा बधिर करून सोनोग्राफीच्या मदतीने सुईने पू ओढून घेतला. दोन-तीन दिवसांच्या अंतराने असे तीनदा करावे लागले आणि जोडीला गोळ्यांचा नवा कोर्स झाला. पहिल्या वेळी सुई निघाली तेव्हा आधी दुखले नाही, तर आठवडाभर कोणी तरी आत घट्ट पिळत होते ते सुटल्यासारखे वाटले. त्याच संध्याकाळी मी त्या बाजूने पाजले, कारण छिद्र स्तनाग्रापासून दूर होते आणि डॉक्टरांची हरकत नव्हती.

हे घाबरवण्यासाठी लिहिलेले नाही; स्तनदाह झालेल्या बहुतेक जणींना गळू होत नाही. पण ताप गेला आणि गाठ राहिली, तर बरे झाले असे समजू नका. औषध सुरू होऊन 48 तास झाले तरी फरक नसेल तर पुन्हा जा आणि सोनोग्राफीविषयी स्वतःहून विचारा. आणि गोळ्या पूर्ण करा, ही विनंती.


उत्तर : उबेच्याबाजूने

बर्फाबद्दल माझा अनुभव उलटा आहे, म्हणून नोंदवते. मला थंडाने दूध उतरतच नसे आणि पाजण्याआधी कोमट फडके ठेवले की ते लगेच वाहू लागे. सगळ्यांना एकच नियम लावणे मला पटत नाही.


उत्तर : निळेदुपटे

आपला अनुभव चुकीचा नाही. पाजण्याच्या आधी एक-दोन मिनिटे कोमट फडक्याने बरे वाटत असेल आणि दूध सहज उतरत असेल, तर ते करण्यास माझा विरोध नाही. उष्णतेने रक्तपुरवठा वाढतो आणि सूजही वाढू शकते, त्यामुळे तासन्‌तास शेकत बसणे मात्र टाळावे. शिवाय एका प्रकारच्या वेदनेत बर्फ मुळीच नको. बाळाने सोडल्याबरोबर स्तनाग्र पांढरे पडून मग निळसर आणि पुन्हा लाल होत असेल आणि जळजळीच्या कळा येत असतील, तर ते रक्तवाहिन्या आकुंचन पावल्यामुळे असते. गार वाऱ्याने ते वाढते. तेव्हा लगेच कोरडी ऊब द्यावी आणि अंग झाकून घ्यावे.


प्रश्नकर्तीची भर : अकरादिवस

काल दुपारी दाखवून आले. डॉक्टरांनी स्तनदाह असल्याचे सांगून दहा दिवसांचे प्रतिजैविक आणि आयबुप्रोफेन दिले आहे. पाजणे चालू ठेवण्यास त्यांनीही सांगितले. पंप बंद केला आहे आणि आईलाही ही सगळी उत्तरे वाचून दाखवली. तिने काही न बोलता फ्रीजमधून बर्फ आणून दिला.

एक अडचण मात्र तशीच आहे. औषधाने ताप जाईल, पण ज्या चिरेतून हे सुरू झाले ती दर दोन तासांनी पुन्हा उघडते आहे. ‘पकड सुधारा’ असे डॉक्टर म्हणाले, ते नेमके कसे करायचे?


उत्तर : निळेदुपटे

हा प्रश्न आपण विचारलात हे फार बरे झाले, कारण लिपस्टिकच्या टोकासारखे चपटे स्तनाग्र म्हणजे बाळ फक्त टोक तोंडात घेऊन ते टाळूच्या कठीण भागावर दाबते आहे, याची खूण आहे. टोक तोंडात मागे, टाळू मऊ होते तिथपर्यंत पोहोचले की ते चेपले जात नाही आणि चीर भरू लागते.

आधी छाती घट्ट असेल तर ती मऊ करून घ्या. दोन्ही हातांची बोटे स्तनाग्राच्या अगदी मुळाशी, काळसर भागावर ठेवा आणि छातीच्या पिंजऱ्याकडे सरळ आत, दुखणार नाही इतकेच, मिनिटभर दाबून धरा. सूज मागे सरकते आणि तेवढा भाग बाळाच्या तोंडात मावेल इतका लवचिक होतो. बोटांच्या खुणा थोड्या वेळ खड्ड्यांसारख्या दिसतात. त्या दिसल्या म्हणजे नीट झाले.

मग मागे रेलून बसा आणि बाळाला पोटाला पोट लागेल असे अंगावर घ्या. तिचे कान, खांदा आणि कंबर एका रेषेत हवेत. मान वळवून आपल्यालाही घोटभर पाणी गिळणे कठीण जाते. स्तनाग्र तिच्या तोंडासमोर न आणता नाकासमोर आणा. वरच्या ओठाला ते हलकेच टेकले की ती मान किंचित मागे टाकून तोंड उघडते. पहिल्या उघडीला घाई करू नका, जांभई दिल्याइतके मोठे उघडेपर्यंत थांबा, आणि मग तिच्या खांद्यांमागे तळहात ठेवून तिला झटकन जवळ घ्या. हनुवटी आधी टेकली पाहिजे. डोक्याला मागून ढकलू नका, ढकलले की बाळ उलट मागे रेटते. आपण वाकून स्तन तिच्या तोंडात घालत असाल तर पकडही उथळ होते आणि पाठही जाते.

नीट लागली की हनुवटी स्तनात रुतलेली, नाक मोकळे, खालचा ओठ बाहेर उलटलेला आणि काळसर भाग खालच्या ओठापेक्षा वरच्या ओठाकडे जास्त दिसतो. गाल आत ओढले जात नाहीत. चुटचुट आवाज येत असेल तर हवा आत जाते आहे. सुरुवातीच्या भराभर चोखण्यानंतर ती संथ, खोल चोखू लागते आणि गिळल्याचा हलका आवाज ऐकू येतो.

आपण आकडे मोजता, ते चालू ठेवा. त्याचा उपयोग आहे. पहिल्या वीस-तीस सेकंदांत ओसरणारी कळ चीर भरेपर्यंत राहू शकते. त्यानंतरही तशीच असेल तर सोसत बसू नका. करंगळी तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून हिरड्यांच्या मधे सारा, पकड सुटली की बाजूला घ्या आणि पुन्हा लावा. तशीच ओढून काढली तर चीर वाढते. पाजल्यावर चिरेवर आपलेच दोन थेंब दूध किंवा शुद्ध लॅनोलिनचे मलम पुरे. साबण लावू नका आणि पॅड ओला झाला की बदला.

आठ-दहा वेळा नीट लावूनही टोक चपटेच निघत असेल, तर बाळाच्या जिभेखालचा पडदा आखूड तर नाही ना, हे बघून घ्या. बरी होत आलेली चीर अचानक पुन्हा जळजळू लागली आणि बाळाच्या गालांच्या आत न पुसले जाणारे पांढरे ठिपके दिसले, तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. प्रतिजैविकानंतर तो कधी कधी होतो आणि त्याचे औषध वेगळे असते.


प्रश्नकर्तीची भर : अकरादिवस

औषधाचा आज सहावा दिवस आहे. ताप तिसऱ्या दिवशी गेला. गाठ लिंबाची सुपारीएवढी झाली आहे आणि लाली जवळजवळ नाही, तरी सुईतीनदा ताईंचे वाचून मी धीर न धरता विचारलेच. डॉक्टरांनी कोर्स संपल्यावर गाठ हाताला लागली तर सोनोग्राफी करू असे सांगून तारीखही देऊन ठेवली.

नाकासमोर धरण्याची युक्ती पहिल्या दिवशी चार वेळा फसली आणि पाचव्या वेळी बाळ व मी दोघीही रडत होतो. काल रात्री मात्र तिने स्वतःच मान मागे टाकून भले मोठे तोंड उघडले. उजव्या बाजूला पंधरापर्यंत मोजते तोवर कळ जाते. डाव्या बाजूला अजून चाळीस लागतात, पण स्तनाग्र गोल बाहेर येते. गोळ्यांमुळे तिला दोन दिवस पातळ शी होते आहे, एवढेच विचारायचे राहिले.


उत्तर : पहाटपाळी

माझ्या दोन्ही मुलांना आईच्या प्रतिजैविकाने असे झाले होते, आणि गोळ्या संपल्यावर आपोआप थांबले. लंगोट नेहमीएवढे भिजत असतील, ती नीट पीत असेल आणि शीमध्ये रक्त नसेल तर काळजीचे कारण नसते. गोळ्या मात्र मधेच सोडू नका, आणि सोनोग्राफीची तारीख गाठ गेली असे वाटले तरी स्वतःहून रद्द न करता डॉक्टरांना एकदा हात लावून पाहू द्या.